फळीमागचा झरोका

११ नोव्हेंबर, सोमवार

जुनी वही काल संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर घरात कोण कोण आहे ते लिहायची मला सवय आहे. जून महिन्यात हजेरीपट भरायचे, त्यातली उरलेली खोड. तर: पुढच्या तीन खोल्यांत मी, कल्याणी, वय अडुसष्ट, मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका. हरिभाऊंना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा धवल बेंगळुरात. मागच्या दोन खोल्यांत चार वर्षांपासूनचे भाडेकरू. दीपंकर विमा कचेरीत, त्याची बायको सुविधा कॅम्पातल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि त्यांची सौम्या, पाच वर्षांची. ती मला बाईआज्जी म्हणते आणि संध्याकाळी माझ्याकडे पाटी घेऊन बसते. माणसं बौद्ध आहेत. आम्ही असलं काही मानत नाही. मानत असते तर जागा दिली असती का?

हिंडलग्यात छत्तीस वर्षं काढली, पण नोव्हेंबरातच असा वारा सुटलेला आठवत नाही. दाराखालच्या फटीतून आत येतो आणि सरळ गुडघे धरतो. सकाळपासून तीनदा पायपुसणं गुंडाळून फटीत सारलं, तीनदा ते सरकलं. एका जागी बसवत नाही.

दुपारी सुविधा मागच्या दाराशी आली. "बाई, जरा येऊन बघता काय? भिंतीला काळं धरलंय."

जाऊन पाहिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात छताखालच्या कोपऱ्यात आणि आतल्या खोलीत सौम्याच्या पलंगामागे काळे ठिपके, पसाभर जागेत. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. बुरशी. माझ्या घराला छत्तीस वर्षांत कधी बुरशी आली नव्हती. काय करतात काय ही माणसं आत?

१३ नोव्हेंबर, बुधवार

कालचा दिवस सूचना लिहिण्यात गेला. स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवून त्यांच्या दाराला लावल्या. कपडे घरात वाळत घालू नयेत. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावे. अंघोळीनंतर मोरी पुसून घ्यावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे.

सुविधाने सगळं वाचलं आणि "व्हय बाई" म्हणाली. तिचं हे "व्हय बाई" मला कधी पुरतं कळत नाही. मी आत डोकावले तर कपाट आधीच चार बोटं पुढे होतं आणि कपडे गच्चीवरच्या दोरीवर होते. मी येणार म्हणून सकाळीच केलं असणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

भाडेकरू सकाळी आठलाच स्कूटरवरून निपाणीला गेले, सुविधाच्या आईकडे, बायडाबाईंकडे. महिन्यातून दोन-तीन रविवार जातातच. मी बरी संधी साधली. गव्हाच्या पिठाची खळ केली, जुने पेपर फाडले आणि त्यांच्या खिडक्यांच्या सगळ्या फटी बाहेरून बुजवून टाकल्या. स्टुलावर चार वेळा चढले-उतरले. शेजारचे मारुतीराव कुंपणावरून ओरडले, "वहिनी, पडशीला!" पडले नाही. वाऱ्याला आता शिरायला तसूभर जागा नाही. भिंती गार पडतात म्हणून बुरशी धरते, हे मला कुणी सांगायला नको.

दुपारी देवांच्या खोलीत पोथी घेऊन बसले आणि सुकट भाजल्याचा वास. यांच्या स्वयंपाकघराची आणि माझ्या देवांच्या खोलीची भिंत एकच आहे. तिच्यात वर एक झरोका आहे, त्याला पहिल्याच हिवाळ्यात फळी मारून घेतली, तरी वास येतोच. जाताना सकाळी करून गेले असतील. भिंतीत मुरलेला वास कुठे जातो! पोथी मिटून ठेवली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सौम्या 'म' गिरवत होती. मी म्हटलं, म कशातला? "म माशातला," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाईआज्जी, मासं निपाणीला असत्यात."

"मासं नाही, मासे. आणि मासे नदीत असतात."

"न्हाई. निपाणीला. आज्जीकडं." हट्टी पोर आहे. शेवटी मी तिला नदीचं चित्र काढून दाखवलं. मध्ये मध्ये खोकत होती. हवा बदलली की होतंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बुरशी दुप्पट झाली. फटी बुजवल्यानंतर दुप्पट! मला काही सुचेना. गुंडू गवंड्याला बोलावलं. तो घरी कानडी बोलतो, बाहेर मराठी, आणि माझ्यासमोर दोन्हींची खिचडी करतो, कारण मी चिडते हे त्याला ठाऊक आहे.

त्याने भिंतीवर टिचकी मारली, वर पाहिलं, खिडक्या पाहिल्या. "पाणी भाईरनं आलेलं न्हाय, बाई. ही वाफ हाय. भात शिजतोय, अंघोळी हुत्यात, तीन माणसं श्वास घेत्यात. जाणार कुठं वाफ? इल्ली गाळी बेकु."

"मराठीत बोल."

"हितं वारा पायजे म्हणतोय. गाळी म्हंजे वारा. मराठीत म्हणलं तर ऐकशीला व्हय? खालचा वारा अडवायचा, वरची वाफ सोडायची. तुम्ही दोन्ही अडवलंय. ह्याला घर म्हणत न्हाईत, कुकर म्हणत्यात." मग त्याने झरोक्याच्या फळीकडे बोट केलं. "ह्यो कुणी बुजवला?"

"तूच."

"मीच व्हय? मग तवा काय तरी म्हणलो असणार."

"काही म्हणाला नव्हतास. गार वारा येतो म्हणून बुजवलाय. घरात लहान मूल आहे."

गुंडूने सुविधाकडे पाहिलं. सुविधा फरशीकडे बघत राहिली. तिलाही वारा नकोच असणार. मी गुंडूला सांगितलं, झरोक्याचं राहू दे, बुरशी न धरणारा रंग मिळतो तो लाव. तो मान हलवत गेला.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तिघंही पांढरे कपडे घालून बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे अभिवादनाला गेले. सौम्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये फार गोड दिसत होती. गेटपर्यंत जाईपर्यंत चारदा थांबून खोकली.

रंग लावून आठ दिवस झाले. रंगाच्या वरून ठिपके उमटले आहेत. हात शिवशिवतात. घासावं, खरवडावं, काहीतरी करावं असं दिवसभर वाटत राहतं. कापूर लावून पाहिला, कडुनिंबाची धुरी करून पाहिली. धुरीने पोर आणखी खोकली तेव्हा दीपंकरने येऊन "बाई, राहू द्या" म्हटलं. आवाज चढवला नाही, पण नेहमीसारखा हसलाही नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी सातला मागून सुविधाचा आवाज. धावत गेले. सौम्या पलंगावर बसलेली, खांदे वर ओढलेले, श्वास आत घेताना शिट्टी वाजत होती. ओठ कसेतरी दिसत होते. दीपंकरने तिला शालीत गुंडाळलं आणि दोघं तिला स्कूटरवर घालून दवाखान्यात घेऊन गेले. मी अंगणात उभी राहिले. मग आत गेले, मग पुन्हा अंगणात. चहा ठेवला तो करपला.

साडेअकराला परत आले. तोंडात धरायचा पंप दिला आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, घरात ओल आहे का.

संध्याकाळी सुविधा आली. बसली नाही. "बाई, आम्ही जागा बघतोय. मिळाली की एक तारखेला सोडू."

माझ्या तोंडून निघालं, "चार वर्षं मी तुम्हाला सांभाळून घेतलं, त्याचं हे?"

"काय सांभाळून घेतलं, बाई?"

तिने शांतपणे विचारलं. आणि मागच्या दाराने निघून गेली.

धवलचा फोन आला. म्हणाला, "आई, जाऊ देत की त्यांना. दुसरे बघ, आपल्यातले." त्याच्यावरही ओरडले. का ते कळलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

काय सांभाळून घेतलं! हे वाक्य काल संध्याकाळपासून पाठ सोडत नाही. उत्तर द्यायचं तर पुराव्यानिशी द्यायचं, अशी माझी पद्धत. ट्रंकेतून चार वर्षांच्या वह्या काढल्या, लाल पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे 'वास' लिहिलं आहे तिथे खूण करत गेले. तारखांची यादी करून तिच्यापुढे ठेवणार होते. हे बघ, इतक्या वेळा नाक दाबून बसले, आणि एकदाही तुम्हाला बोलले नाही.

एकतीस खुणा झाल्या. त्यातले सव्वीस रविवार.

मग पानं नीट वाचली. वर लिहिलेलं, भाडेकरू सकाळीच निपाणीला. खाली लिहिलेलं, दुपारी सुकटाचा वास. एकाच पानावर, माझ्याच अक्षरात. हे एकोणीस वेळा आहे. यंदा मे महिन्यात ते बारा दिवस इथे नव्हते, त्यांच्या दाराला कुलूप होतं, आणि त्या बारा दिवसांत मी तीनदा वास लिहिला आहे. 'जाताना करून गेले असतील' असंही एके ठिकाणी आहे. बारा दिवस टिकणारी सुकट!

दुसऱ्याची वही असती तर मी शेरा मारला असता.

खरं लिहिते. फळी वाऱ्यासाठी नव्हती. ती वासासाठी होती. ते राहायला आले त्याच महिन्यात मी गुंडूला बोलावून ती मारून घेतली, आणि वारा वारा म्हणत राहिले, इतकी वर्षं म्हणत राहिले की मलाच ते खरं वाटायला लागलं.

११ डिसेंबर, बुधवार

मारुतीरावांकडे गेले. फौजेतून निवृत्त होऊन तीस वर्षं शेजारी आहेत. त्यांचं परडं माझ्या देवांच्या खोलीच्या खिडकीला लागून आहे, ही काही मला नवी गोष्ट नव्हे. परड्यात चूल. त्यांची सून दिपाली चुलीपाशी बसली होती. मी उभ्यानेच विचारलं, तुम्ही सुकट भाजता का?

"भाजतोय की!" मारुतीराव म्हणाले. "दर ऐतवारी, कधी मधल्या वारी बी. आमच्या दिपालीच्या हातची खाऊन बघा, वहिनी... तुम्ही कुठं खातायसा म्हणा. का, वास येतोय व्हय? मग तीस वर्षांत कधी बोलला न्हाईसा?"

खरंच, कधी बोलले नाही. घरी येऊन त्याआधीच्या वह्याही काढल्या. हरिभाऊ असतानाच्या. 'वास' हा शब्द एकदाही नाही. चूल तेव्हाही होती, सुकटही होती. तेव्हा तो मारुतीरावांच्या घरचा वास होता, म्हणून लिहावासा वाटला नाही.

हे वाचून मला माझीच लाज वाटली. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुंडूला बोलावून फळी काढली. मागची बाजू पूर्ण काळी, मऊ, बोटाने दाबली तर चुरा पडणारी. झरोका मोकळा झाला आणि माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हललं. खिडक्यांच्या वरच्या अंगाचे पेपरही त्याने काढले, खालचे ठेवले. दारांखाली कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या लावल्या. जाताना म्हणाला, "एवढंच सांगत हुतो." आज त्याला मराठी शिकवावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी सुविधा कामावरून आली. झरोक्याकडे बघत उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. वह्या, रविवार, मारुतीरावांची चूल.

"मला ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्या महिन्यात गुंडूमामा फळी मारत होते, तवा तुम्ही त्यांना सांगत होता, ह्यांच्या खाण्याचा वास येतोय म्हणून. मी मोरीत भांडी घासत होते. त्या दिवसापासनं ह्या घरात आम्ही मासं शिजवलं न्हाई. मटण न्हाई, अंडंसुद्धा न्हाई. खावंसं वाटलं की आईकडं जातो."

म्हणजे ते रविवार. मला वाटायचं, पोरीला आईची ओढ फार.

"मग सांगायचं नाही का मला? चार वर्षं?"

"काय सांगायचं, बाई? वास आमचा न्हाई म्हणून सांगायचं? का आमचा असला तरी काय झालं, म्हणून सांगायचं?"

मी म्हटलं, आता करा. इथे करा, खुशाल करा, रोज करा.

"आता कशाला, बाई," ती म्हणाली आणि सौम्याला हाक मारत आत गेली.

२२ डिसेंबर, रविवार

दहा दिवसांत भिंत सुकली. ठिपके पुसून काढले, ते परत आले नाहीत. दुपारी ऊन असताना तासभर खिडक्या उघड्या असतात, संध्याकाळी वारा सुटायच्या आत बंद. सौम्याला पंप दिवसातून एकदाच लागतो आहे. काल बसल्या बैठकीला अख्खी बाराखडी म्हणाली, मध्ये न खोकता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्या.

भिंत कोरडी झाली, आता कशाला जाता, असं दीपंकरला दोनदा सुचवून पाहिलं. तो "बघू, बाई" म्हणतो. दोन जागा पाहून आला. एका ठिकाणी पुढची खोलीसुद्धा दाखवून झाली होती. मग मालकाने आडनाव विचारलं आणि म्हणाला, अहो, जागा कालच गेली. हे दीपंकरने अगदी सहज सांगितलं, बस चुकल्याचं सांगावं तसं. मला भयंकर संताप आला. कसली माणसं असतात! आणि मग तो संताप तसाच राहिला, कारण कुणावर काढावा ते कळेना.

मनात हेही आलं की जागा मिळाली नाही तर बरंच आहे. ते लिहून ठेवते, कारण आता या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. शहापूरकडचे एक गृहस्थ. दीपंकर म्हणून तुमचे भाडेकरू, ते आमची वरची जागा बघून गेले, जरा चौकशी करायची होती.

मी म्हटलं, करा.

माणसं कशी आहेत? चांगली आहेत. शेजाऱ्यांशी भांडणं वगैरे? नाहीत. मग ते आवाज उतरवून म्हणाले, "आणि ते... मटण-मासे, घरात वास वगैरे?"

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. नुसतं "काय सांगू, तुम्हीच बघा" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. जागा गेली असती आणि सौम्या संध्याकाळी पाटी घेऊन माझ्याकडेच आली असती. भिंत आता कोरडी आहे, तिला इथे काही धोका नाही. असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी काही साधी बाई नाही.

दुसरं उत्तरही जिभेवर होतं. अहो, चार वर्षांत त्यांनी घरात अंडंसुद्धा शिजवलं नाही. ते खरं होतं, आणि त्या गृहस्थांना ते आवडलंही असतं. पण ते सांगितलं असतं तर तिथेही त्यांना जेवायला निपाणीलाच जावं लागलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "करतील. आपल्या घरात माणूस जे खातो ते करतील. वास येईल. चालणार असेल तर जागा द्या, नाहीतर आत्ताच नाही म्हणा, त्यांना फुकट हेलपाटे घालायला लावू नका."

मला वाटलं, संपलं. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही. "आणि आता तुम्ही मला सांगा, स्वयंपाकघराला वर झरोका आहे का? खिडकी समोरासमोर आहे का? पोरीच्या छातीला ओल सोसत नाही. पलंग बाहेरच्या भिंतीला लागणार की आतल्या?"

ते गडबडले. "झरोका आहे, बाई. खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत."

"मग तो झरोका कुठल्याही कारणाने बुजवू नका."

"नाही बुजवत." मग हसले. "तुम्ही शाळेत होता काय? आमच्याकडंसुद्धा शनिवार सोडला तर सगळं चालतंय, बाई. सगळेच विचारतात म्हणून मी आपलं विचारलं."

मी फोन ठेवला.

संध्याकाळी सुविधा आली. जागा नक्की झाली, एक तारखेला सकाळी नऊला टेम्पो येईल. "मालक म्हणाले, तुमच्या बाईंनी माझीच परीक्षा घेतली," असं सांगून ती हसली. माझ्यासमोर ती एवढं मोकळं हसली नव्हती कधी. मग खुर्ची ओढून बसली आणि चहा घेतला.

मला ती माणसं जायला नको आहेत. फोनवर त्या गृहस्थांना हे म्हणाले नाही ते ठीकच केलं. पण सुविधा समोर बसली होती, चहा संपेपर्यंत बसली होती, आणि तिलाही मी म्हणाले नाही. आज म्हणून उपयोगही नव्हता. म्हणायला माझ्याकडे चार वर्षं होती.